माझं मागचं पत्र रद्द समजावं

लोकमान्य नगर, इंदूर
२ ऑगस्ट

शुभदा,

आशीर्वाद. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, पण सोबतचं पार्सल उघड. त्यात आईचा अंतरपाट आहे.

नचिकेतच्या लग्नात मी तो घडी करून पिशवीत घातला आणि भर मांडवातून घरी घेऊन आलो, त्याला सहा वर्षं होऊन गेली. वरात उशिरा आली, मुहूर्त टळला, एवढ्याच कारणावरून. मी नवऱ्या मुलाचा सख्खा मामा, आणि मीच निघून गेलो. तुम्हाला केटररचा टेबलक्लॉथ धरून लग्न लावावं लागलं. त्यावर पनीरच्या भाजीचा डाग होता आणि तो सगळ्या फोटोंत आला, असं तुझी वहिनी मंजिरी मला म्हणाली होती. तेव्हा मी "बरं झालं" म्हणालो होतो.

चूक माझी होती. सगळी. वरात उशिरा येण्यात वाईट काही नसतं. मुलं नाचतात. नाचू द्यावं.

तन्वीचं लग्न २४ नोव्हेंबरला आहे असं कळलं. मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, पण तू दुसऱ्या कोणाला उभं केलंस तरी मला राग येणार नाही. हल्ली मला कशाचाच राग येत नाही. थोडी कमजोरी आहे, सकाळचे पोहेसुद्धा नको वाटतात. बाकी सर्व ठीक.

तुझा दादा
श्रीकृष्ण


लोकमान्य नगर
५ सप्टेंबर

शुभदा,

तुझं चार पानी पत्र आणि राखी मिळाली. पत्र तीनदा वाचलं. आता माझं ऐक. माझं २ ऑगस्टचं पत्र रद्द समजावं.

त्यावर सही माझी आहे, अक्षर माझं आहे, पण ते मी लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं ते सांगण्यासाठी एक लपवलेली गोष्ट सांगावी लागेल. ती वाचून फोन करू नकोस. मला फोनवर रडणं ऐकवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझं डावं मूत्रपिंड काढलं. त्यात कॅन्सरची गाठ होती. नंतर फुप्फुसातही चार दाणे सापडले, म्हणून मे महिन्यापासून इम्युनोथेरपी चालू केली. ही केमोथेरपी नव्हे. केस शाबूत आहेत, म्हणजे जेवढे होते तेवढे. यात शरीराच्या आपल्याच फौजेचा ब्रेक काढून टाकतात आणि तिला गाठीवर सोडतात. फौजेनं काम चोख केलं. जुलैच्या स्कॅनमध्ये दाणे निम्मे झाले होते. पण ब्रेक काढलेली गाडी नेमकी कुठे थांबेल, हे मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ती जाता जाता डोक्यातल्या पिट्युटरीवर चढली.

पिट्युटरी म्हणजे हरभऱ्याएवढी ग्रंथी, पण आपल्या रेल्वेच्या कंट्रोल ऑफिससारखी. तिथून हुकूम सुटला की खाली मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. सकाळी अंथरुणातून उठायला कॉर्टिसॉल लागतं, रक्तदाब टिकवायला लागतं, भूक लागायला लागतं. आणि माझा अनुभव असा, की भांडायलाही लागतं. माझं कंट्रोल ऑफिस सुजून बंद पडलं, हुकूम सुटेनात, आणि मी साधू झालो.

खरंच झालो. शेजारच्या पीयूषनं आमच्या फाटकासमोर गाडी लावली. अकरा वर्षं आमचा त्यावरून झगडा चालू आहे. मी म्हणालो, "लगाओ भिया, जगह तो भगवान की है." तो इतका घाबरला की गाडी काढून पुढच्या गल्लीत लावून आला. दूधवाल्याला म्हणालो, पाणी घालतोस ते ठीक आहे, तुलाही संसार आहे. मंजिरीच्या भजनी मंडळाच्या बायका येऊन मला वाकून नमस्कार करून गेल्या. मंजिरीनं नवस फेडला, पाव किलो पेढे वाटले. सदतीस वर्षांनी देवानं ऐकलं म्हणे.

त्यामुळे डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही. दिवसाचे सोळा तास मी झोपत होतो, तर घरात म्हणायचे समाधी लागली. शेवटी एके दिवशी मंजिरीनं माझ्या आवडीचा भुट्ट्याचा कीस केला, वर लिंबू पिळून समोर ठेवला, आणि मी म्हणालो, "राहू दे, इच्छा नाही." तेव्हा कुठे तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी चपला घालताना मी जागीच बसलो तो उठेना.

डॉक्टर शमिका म्हणून आहेत, या ग्रंथींच्याच. वयानं तन्वीएवढ्या दिसतात. त्यांनी रिपोर्ट बघून मंजिरीला सांगितलं, "काकू, हे वैराग्य नाही. यांच्या रक्तात कॉर्टिसॉल उरलेलंच नाहीये." आता रोज गोळी. सकाळी एक, दुपारी अर्धी, जन्मभर.

गोळी चालू झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी पेपर डबक्यात पडला. मी गॅलरीतून जे बोललो ते म्हणे चौकापर्यंत ऐकू गेलं. मंजिरी आत जाऊन रडली. आनंदानं की कशानं ते मी विचारलं नाही.

तर मुद्दा असा, की ते माफीचं पत्र रिकाम्या टाकीनं लिहिलेलं आहे. आता टाकी भरली आहे आणि मला सगळं लख्ख आठवतंय. मुहूर्त संध्याकाळी सहा बावन्नचा होता. घोडी दारात आली सव्वाआठला. एक तास तेवीस मिनिटं. भंवरकुआंच्या चौकात कोचिंग क्लास सुटले, दोन-तीनशे पोरं वरातीत घुसून नाचली, आणि तुझा नवरदेव मुलगा घोडीवरून त्यांचे व्हिडिओ काढत होता. मी चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. वेळ झाली की हिरवी झेंडी दाखवायची, मग प्लॅटफॉर्मवर मंत्री धावत येवो की सासरा. मी अंतरपाट घेऊन एक तास तेवीस मिनिटं उभा होतो. भटजी दोनदा चहा पिऊन आले.

राखी मात्र रद्द नाही. ती बांधलेली आहे, एका हातानं आणि दातांनी. मंजिरी बांधून देईना, बायकोनं राखी बांधायची नसते म्हणे.

श्रीकृष्ण


लोकमान्य नगर
२८ सप्टेंबर

शुभदा,

अंतरपाट परत मिळाला. सोबत एका ओळीची चिठ्ठी: "दादा, कोणतं पत्र खरं ते ठरव, मग स्वतः घेऊन ये."

लहानपणी तू गणिताची पाटी अशीच माझ्यापुढे सरकवायचीस.

परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर शमिकांना मी हाच प्रश्न टाकला. म्हटलं, "मॅडम, एका माणसानं गोळीशिवाय माफी मागितली आणि गोळी घेऊन ती परत घेतली. यातला खरा माणूस कोणता?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, तेव्हा तुमच्यात भांडायची ताकद नव्हती, एवढं मला रिपोर्टमध्ये दिसतं. माफी मनातून होती की नाही, त्याची टेस्ट आमच्या लॅबमध्ये होत नाही."

मी म्हटलं, हे उत्तर नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर, नाही." आणि विषय बदलून मला एक लाल कार्ड दिलं. ते कायम खिशात ठेवायचं. कार्डावरचा नियम त्यांनी मंजिरीला बसवून नीट समजावला. म्हणजे असं, की ताप आला, इन्फेक्शन झालं, की शरीरातली फौज रक्तातून निरोप धाडते. तो निरोप डोक्यात पोचतो आणि पिट्युटरी हुकूम सोडते की कॉर्टिसॉल वाढवा, इथे लढाई आहे. धडधाकट माणसाला हे कळतही नाही, आपोआप होतं. माझ्या बाबतीत फौज निरोप धाडणार, पण कंट्रोल ऑफिसात माणूसच नाही. म्हणून ताप आला तर मी स्वतः गोळी दुप्पट करायची. उलटी झाली तर इंजेक्शन. फ्रिजच्या दारात औषध ठेवलेलं आहे, दोन सुयांसकट, दह्याच्या शेजारी. ते फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण मंजिरीला महत्त्वाची वस्तू फ्रिजमध्येच ठेवायची असते.

मी म्हटलं, पाकिटावर सकाळी एक, दुपारी अर्धी असं छापलंय. आपल्या मनानं टाइमटेबल बदलायची मला सवय नाही. मॅडमनी मंजिरीकडे बघितलं, मंजिरीनं माझ्याकडे बघितलं. बायका एक झाल्या की काय होतं ते तुला सांगायला नको.

तुझ्या चिठ्ठीचं उत्तर: माझं दुसरं पत्र खरं. मी लग्नाला येईन, पाठीशी उभा राहीन, पण माफी मागणार नाही. पटत असेल तर कळव.

श्रीकृष्ण

ता. क. पटत नसेल तरी कळव.


लोकमान्य नगर
१६ ऑक्टोबर

शुभदा,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी तुझी सून आली.

तुला पलकनं सांगितलं असेलच, पण ती माझी बाजू सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

९ तारखेला सकाळी मला कणकण होती. आपल्या गल्लीत सगळ्यांनाच व्हायरल चाललंय. मंजिरीनं थर्मामीटर लावला, एकशे एक. म्हणाली, "आज दोन गोळ्या." मी म्हटलं, "पाकिटावर एक लिहिलंय." ती म्हणाली, "कार्डावर दोन लिहिलंय." मी म्हटलं, "मला ताप वाटत नाही, थर्मामीटर जुना आहे." आणि एकच घेतली. हा शुद्ध आडमुठेपणा होता. त्याला कुठलंही हार्मोन जबाबदार नाही, हे मी तुला लिहून देतो.

दुपारी साडेबाराला दोनदा उलटी झाली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी आडवा झालो आणि छताचा पंखा लांब लांब जायला लागला. मंजिरीनं इंजेक्शन काढलं, पण घाईत सुई ओट्यावरून सिंकमध्ये गेली. तिनं फोन लावला. मला वाटलं अँब्युलन्सला. तिनं लावला तुला.

तुम्हा दोघींचा दर गुरुवारी चार वाजता फोन असतो हे मला सहा वर्षं माहीत आहे, शुभदा. नाहीतर मी दर गुरुवारी चार वाजताच दळण आणायला का जातो? दोन माणसांना एवढं पीठ लागतं का?

तू तिकडे शहराबाहेर राऊला, म्हणून तू पलकला फोन केलास. ती भंवरकुआंच्या क्लासमध्ये मुलांना बायोलॉजी शिकवत होती. मधल्या पिरियडमधून उठून आली. मंजिरी म्हणते मी पडल्या पडल्या मनगट वर करून बघितलं. बघितलंच. भंवरकुआं ते लोकमान्य नगर, दुपारची गर्दी, चौदा मिनिटं. स्कूटरवर, आणि एक गल्ली चुकीच्या बाजूनं, हे तिनं नंतर कबूल केलं.

सहा वर्षांत ती आमच्या घरी पहिल्यांदा आली. नव्या सुनेचा गृहप्रवेश असा झाला की उंबऱ्यावर मामेसासरे आडवे, माप ओलांडायच्या ऐवजी तिनं मलाच ओलांडलं. फ्रिजमधून दुसरी सुई घेतली, औषध भरलं आणि म्हणाली, "मामाजी, हिलना मत. हर साल बच्चों को यही चॅप्टर पढ़ाती हूँ, आज प्रॅक्टिकल है." आणि मांडीत सुई घातली. माझी पँट वर करायला तिनं परवानगीसुद्धा विचारली नाही.

हॉस्पिटलात दोन दिवस ठेवलं. तिथे ती रोज संध्याकाळी पोह्यांचा डबा घेऊन यायची, वर सेव, जिरावन मसाला, सगळं बेतशीर. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "लग्नातल्या त्या फोटोंचं काय केलंत?"

ती म्हणाली, "अलमारी में रखे हैं, मामाजी. नचिकेत फ्रेम करवाने को बोलते हैं, मैं ही मना करती हूँ. दाग नहीं चुभता. आप जो खड़े नहीं हैं पीछे, वो खाली जगह दिखती है."

मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेव्हा माझी गोळी दुप्पट चालू होती. म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली होती, शुभदा. त्यामुळे आता जे लिहितोय ते कॉर्टिसॉल कमी पडलं म्हणून लिहिलंय असं कोणी म्हणू नये. मी मुद्दाम सकाळची गोळी घेऊन, एक कप कडक चहा पिऊन आणि पीयूषशी गाडीवरून कडाडून भांडून मग लिहायला बसलो आहे.

वरात एक तास तेवीस मिनिटं उशिरा होती. यातलं एक मिनिटही मी कमी करणार नाही. पण अंतरपाट घरी नेला, हे वाईट केलं. त्याहून वाईट म्हणजे, घरी आल्यावर पावणेनऊला मला कळलं होतं की वाईट केलं. रिक्षानं परत जायला वीस मिनिटं लागली असती. मी पंख्याखाली बसून राहिलो. माझा राग तेव्हाच संपला होता, मग सहा वर्षं मी नुसती लाज सांभाळली आणि तिला राग म्हणत आलो. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नव्हतं. ते लिहायला अंगात जोर लागतो.

एक रेल्वेतली गोष्ट सांगतो. सिग्नल बिघडला म्हणून गाडी जन्मभर उभी ठेवत नाहीत. स्टेशन मास्तर हातानं कागद लिहून देतो, त्यावर सही-शिक्का करतो, आणि गाडी सावकाश पुढे जाते. आपले सिग्नल कधीच बिघडलेत. हा माझा कागद. सही खाली आहे. शुभदा, माझं चुकलं. मला तन्वीच्या पाठीशी उभं राहायचं आहे. मला फार वाटतंय ते.

दादा

ता. क. दाणे आणखी लहान झालेत. इम्युनोथेरपी चालू राहणार आहे. पिट्युटरी काही परत यायची नाही, तिच्याशिवाय चालवू.


हॉलवरून, २४ नोव्हेंबर
वेळ माहीत नाही, घड्याळ तुझ्या अटीप्रमाणे घरी ठेवलंय

शुभदा,

तू वधूपक्षाच्या खोलीत तन्वीच्या निऱ्यांशी झटते आहेस, मला आत येऊ देत नाहीत, म्हणून पलकच्या हातून ही चिठ्ठी.

आत्ताच निरोप आलाय की अश्विनची वरात भंवरकुआंला अडकली. कोचिंग सुटलं आहे. पोरं घुसली आहेत. जावई स्वतः घोडीवरून उतरून नाचतोय म्हणे. मंजिरी माझ्या तोंडाकडे एकटक बघते आहे आणि तिनं पर्समधून अर्धी गोळी काढून हातात धरली आहे, मला ताण आला तर म्हणून. तिला म्हटलं, लागणार नाही.

मी बोहल्यावर आहे. आईचा अंतरपाट माझ्या हातात आहे, इस्त्री केलेला. भटजी नुसते बसले आहेत, चहा मी अजून दिलेला नाही. फोटोग्राफरला बाजूला घेऊन समजावून सांगितलंय. निदान पाऊण तास कोणी येत नाही.

तेव्हा नचिकेतला पाठव. तो दारावर पाहुण्यांना अत्तर लावत उभा आहे, ते काम कोणीही करील. पलक ही चिठ्ठी तुला देईल, तिलाही लगेच परत पाठव, काय आहे ते सांगू नकोस. दोघांना समोरासमोर उभं करतो आणि मध्ये हा अंतरपाट धरतो. दुसरं टोक भटजी धरतील. मंगलाष्टकं झाली की मी नचिकेतच्या मागे जाऊन उभा राहीन, आणि मग फोटो.

साडेसहा वर्षं उशीर आहे. मुहूर्ताचं कोणी नाव काढलं तर मी बघून घेतो.

तू पण ये. आईची मंगलाष्टकं आता फक्त तुलाच येतात. आणि येण्याआधी अश्विनच्या वडलांना फोन करून सांग, घाई करू नका, सावकाश नाचत या.

दादा